हिजाबची बातमी करायची कशी? डेस्कवर नव्यानं आलेल्यांसाठी

वर्तमानपत्राच्या संपादकीय डेस्कवर रुजू झालेल्या मुलामुलींना शुद्धलेखनाचे नियम मिळतात, पानाचा आराखडा समजावला जातो, पासवर्ड मिळतो. हिजाब किंवा बुरख्याची बातमी हातात आली तर काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. मग रात्री साडेदहाला वृत्तसंस्थेची कॉपी (बातमीचा मजकूर) येते, संग्रहात पहिला दिसेल तो फोटो लागतो, मथळ्यात 'बुरखा' जातो आणि सकाळी मालेगावची नाहीतर मुंब्र्याची एखादी वाचक फोन करून विचारते, "अहो, यात बुरखा कुठे होता?" प्रश्न रास्त असतो.

पुढच्या पायऱ्या तालुक्याच्या वार्ताहरापासून वेबसाइटवर थंबनेल लावणाऱ्यापर्यंत सगळ्यांसाठी आहेत. हिजाब असावा की नसावा, यावर तुमचं मत असेल, माझंही आहे. ते अग्रलेखासाठी ठेवू. बातमीतलं दुखणं साधं आहे: हिजाब घेतलेल्या बाईचा फोटो आपण भरपूर छापतो, तिचं म्हणणं क्वचित छापतो.

पहिली पायरी : कपडा बातमीत हवा का, ते ठरवा

यवतमाळची अदिबा अनम यूपीएससीच्या २०२४ च्या परीक्षेत देशात १४२ वी आली. निकाल एप्रिल २०२५ मध्ये लागला. वडील रिक्षाचालक, पदवी गणितात, आधीचे प्रयत्न हुकलेले, आणि महाराष्ट्रातून आयएएस होणारी पहिली मुस्लिम महिला म्हणून तिचं नाव झालं. बातमीला आणखी काय लागतं? तिच्या डोक्यावरचा हिजाब फोटोत आहे, तो वाचकाला दिसतो. तोच मथळ्यात घेतला की १४२ चा आकडा खाली ढकलला जातो आणि 'हिजाब असूनही जमलं' असा कौतुकाचा सूर लागतो. या 'असूनही'त जेवढा अपमान आहे तेवढा उघड टीकेतही नसतो.

माझी एक कसोटी आहे. वाक्यात हिजाबच्या जागी 'डोक्यावर पदर' घालून बघा. 'डोक्यावर पदर घेतलेल्या महिलेने सोसायटीच्या निवडणुकीत बाजी मारली' असं आपण लिहीत नाही. मग हिजाबही काढा.

कपडा बातमीत येतो कधी? नियम कपड्याचाच असेल तेव्हा. २०२३ च्या महिला फुटबॉल विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेंझिना हिजाब घालून उतरली, तेव्हा हिजाब ही बातमी होती, कारण २०१४ पर्यंत फिफाच्या नियमांत त्याला जागाच नव्हती. इब्तिहाज मुहम्मद २०१६ मध्ये रिओला हिजाब घालून तलवारबाजी करणारी पहिली अमेरिकी ऑलिंपिकपटू ठरली, तेव्हाही पहिल्या दिवशी ती बातमी होती. नंतर तिनं सांघिक सेबरमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या दिवसाची बातमी पदकाची.

गुन्ह्याच्या बातमीत आणखी सांभाळा. सीसीटीव्हीत बुरखा दिसला म्हणजे आत कोण आहे हे दिसलं असं होत नाही. पोलिसांनी ओळख पटवेपर्यंत 'बुरखा घातलेली व्यक्ती' एवढंच लिहा. 'मुस्लिम महिलेने दागिने लांबवले' हा निष्कर्ष कॅमेऱ्याने काढलेला नसतो, डेस्कनं काढलेला असतो.

दुसरी पायरी : कपडा ओळखायला शिका

कपडा बातमीत हवाच आहे असं ठरलं, तर तो नेमका कुठला ते लिहा. हिजाब केस, कान, मान झाकतो. चेहरा उघडा राहतो. नकाब चेहऱ्यावर असतो, डोळे दिसतात. बुरखा आपल्याकडे अंगभर असतो, त्याला नकाबाची जोड असते किंवा नसते. नुसत्या सैल झग्याला हल्लीच्या मुली अबाया म्हणतात. अफगाणिस्तानातला जाळीदार निळा बुरखा महाराष्ट्रातल्या गल्लीत दिसत नाही, वर्तमानपत्रांच्या संग्रहात मात्र हमखास असतो.

बोहरा बायकांची रिदा याहून वेगळी. दोन भागांची, रंगीत, काठाला लेस किंवा भरतकाम, चेहरा उघडा. भेंडीबाजारात तासभर थांबलात तरी गुलाबी, पिस्ता, आकाशी अशा दहा छटा दिसतील. तलाकच्या बातमीला रिदा घातलेल्या बाईचा फोटो लावणं हे अज्ञान आहे, आणि बोहरा वाचकाला ते एका नजरेत कळतं. (पुण्यात दुचाकीवर डोळ्यांखेरीज सगळं स्कार्फमध्ये गुंडाळलेल्या मुली सिग्नलला उभ्या असतात. त्यांच्यावर परिसंवाद कुणी घेत नाही.)

कळलं नाही तर तिलाच विचारा, याला तुम्ही काय म्हणता म्हणून. तेही शक्य नसेल तर 'डोकं झाकलेलं' किंवा 'चेहरा झाकलेला' असं सरळ लिहा. चुकीच्या नावापेक्षा ते बरं.

तिसरी पायरी : फोटो

इथे वेळ द्या, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

संग्रहात 'मुस्लिम महिला' असं शोधलं की तेच तेच फोटो वर येतात. बाजारात पाठमोऱ्या चाललेल्या काळ्या बुरख्यातल्या दोघीतिघी, नाहीतर नकाबाच्या फटीतून दिसणारे, काजळ घातलेले डोळे. तोच फोटो तलाकला लागतो, लोकसंख्येला लागतो, शिष्यवृत्तीला लागतो, दहशतवादाच्या तपासालाही लागतो. खाली 'संग्रहित छायाचित्र' लिहिलं की आपण सुटलो असं डेस्कला वाटतं. फोटोतली बाई सुटत नाही. ती त्या दिवशी भाजी घ्यायला आली होती, तिला दीर-जावा आहेत, गल्लीतल्या लोकांना तिची चाल ओळखू येते. पाठमोरी असली म्हणून ती अनोळखी होत नाही.

२२ ऑगस्ट २०१७ ला तोंडी तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयानं रद्द ठरवला. याचिका शायरा बानो यांची होती. त्यांचं नाव होतं, चेहरा होता, त्या कॅमेऱ्यासमोर बोलत होत्या. अशा बातमीत याचिकाकर्तीचा फोटो मिळत असताना निनावी डोळे लावायचे, यातून आपण काय सुचवतो? जिंकलेल्या बाईलाही आपण पीडितेच्या चौकटीतच बघतो, एवढंच त्यातून दिसतं.

तर फोटो लावताना असं करा. बातमीतल्या व्यक्तीचा फोटो आधी मागा. तो नसेल तर जागेचा लावा: महाविद्यालयाचं फाटक, न्यायालयाची इमारत, सूचनाफलकावरची नोटीस. नोटिशीचा फोटो कुणाला आकर्षक वाटत नाही, पण वाचक तो मोठा करून वाचतो. बाईचाच फोटो हवा असेल तर परवानगी घेऊन काढलेला, आणि त्याच विषयासाठी काढलेला. फोटोग्राफरला सांगून ठेवा की फोटोओळीसाठी नाव विचारून यायचं. दर निवडणुकीत बुरख्यातल्या बायकांची रांग, शाई लावलेलं बोट वर, असा फोटो येतो. फोटो छान असतो. पण शेजारच्या चौकटीत 'सहकुटुंब मतदान केल्यानंतर अमुक तमुक' अशी नावं असतात आणि या बायकांना नुसतं 'मुस्लिम महिला मतदार'. नाव विचारायला अर्धं मिनिट लागतं.

परवानगीवर एवढा जोर का, ते २०२१ आणि २०२२ मध्ये कळलं. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि १ जानेवारी २०२२ ला 'बुल्ली बाई' या नावानं मुस्लिम महिलांचे समाजमाध्यमांवरचे फोटो उचलून त्यांचा खोटा 'लिलाव' मांडला गेला. त्यांत पत्रकार होत्या, वकील होत्या. दुसऱ्या प्रकरणात मुंबई सायबर पोलिसांनी अटका केल्या. अशा काळात एखाद्या मुलीच्या इन्स्टाग्रामवरचा फोटो तिला न विचारता उचलणं हा आळस आहे, आणि तो तिच्या अंगाशी येतो.

अल्पवयीन मुलींबाबत पर्यायच ठेवू नका. बाल न्याय कायद्याचं ७४ वं कलम पीडित, साक्षीदार, संरक्षणाची गरज असलेल्या किंवा कायद्याशी संघर्षग्रस्त बालकांची ओळख उघड करायला मनाई करतं. शाळेच्या फाटकावर अडवलेली मुलगी त्यांत मोडते की नाही, याचा कीस पाडत बसू नका. चेहरा धूसर करा. फेब्रुवारी २०२२ मध्ये शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा कर्नाटकात हिजाब घातलेल्या लहान मुलींच्या मागे कॅमेरे धावताना अख्ख्या देशानं पाहिले. त्याच सुमाराला, हिजाबमुळे वर्गाबाहेर ठेवलेल्या तिथल्याच उडुपीच्या विद्यार्थिनींचे पत्ते आणि फोन नंबर व्हॉट्सॲपवर फिरत होते, पालक पोलिसांकडे गेले होते.

चौथी पायरी : आदेश स्वतः वाचा

'हिजाबवर बंदी' आणि 'हिजाबबंदी उठली' हे दोन्ही मथळे बहुतेक वेळा अर्धवट असतात. उत्तम उदाहरण आपल्या चेंबूरचं.

तिथल्या आचार्य-मराठे महाविद्यालयानं २०२४ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी वेशसंहिता काढली. बुरखा, नकाब, हिजाब, स्टोल, टोपी, बिल्ला यांना मनाई. नऊ विद्यार्थिनी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २६ जून २०२४ ला याचिका फेटाळली गेली. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि ९ ऑगस्टला न्या. संजीव खन्ना आणि न्या. संजय कुमार यांच्या पीठानं नोटिशीला अंशतः अंतरिम स्थगिती दिली. स्थगिती हिजाब, टोपी, बिल्ला यांच्या मनाईला होती. वर्गात बुरखा घालता येणार नाही, आवारात धार्मिक कार्यक्रम करता येणार नाहीत, हेही त्याच आदेशात होतं. आता 'बुरखाबंदीला स्थगिती' असा मथळा दिला तर तो चूक ठरतो. आणि 'महाविद्यालयांतील हिजाबबंदी उठली' असं लिहिलं तर एका महाविद्यालयाची गोष्ट राज्यभराची होते. याच महाविद्यालयानं फाटक्या जीन्स आणि टी-शर्टलाही मनाई केली होती. ती ओळ बातमीत ठेवायची की नाही, हाही संपादकीय निर्णयच असतो. मी ठेवीन, कारण नियम सगळ्यांना सारखा आहे असं महाविद्यालयाचं न्यायालयात म्हणणं होतं आणि ते तपासायला वाचकाला ती ओळ लागते.

उडुपीचा घोळ याहून मोठा. सरकारी पदवीपूर्व (म्हणजे अकरावी-बारावीच्या) महाविद्यालयातल्या सहा मुलींना हिजाब घातला म्हणून डिसेंबर २०२१ च्या अखेरीस वर्गात बसू दिलं नाही. ५ फेब्रुवारी २०२२ ला राज्य सरकारचा गणवेशाचा आदेश आला. १० फेब्रुवारीला कर्नाटक उच्च न्यायालयाचा अंतरिम आदेश. त्यात मनाई होती ती वर्गापुरती आणि विद्यार्थ्यांपुरती, जिथे महाविद्यालय विकास समितीनं गणवेश ठरवलाय अशा संस्थांसाठी. प्रत्यक्षात काही ठिकाणी शिक्षिकांनाही फाटकावर बुरखा उतरवायला लावला. ज्या वार्ताहरानं आदेश वाचला होता त्याला तिथे उभं राहून विचारता आलं असतं की हे कुठे लिहिलंय. बहुतेकांनी नुसतं चित्रीकरण केलं.

पुढे १५ मार्चला उच्च न्यायालयानं हिजाब ही इस्लाममधली अत्यावश्यक धार्मिक प्रथा नाही असं म्हणत याचिका फेटाळल्या. १३ ऑक्टोबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचं दुमत झालं. न्या. हेमंत गुप्ता यांनी अपिलं फेटाळली, न्या. सुधांशू धुलिया यांनी मान्य केली, आणि प्रकरण मोठ्या पीठासाठी सरन्यायाधीशांकडे गेलं. 'सर्वोच्च न्यायालयाची हिजाबबंदीवर मोहोर' असं कुणी लिहिलं तर ते चूक, आणि 'बंदी रद्द' लिहिलं तर तेही चूक.

म्हणून कॉपी सोडण्याआधी पाहा: आदेश कुणाचा, कुठल्या संस्थेसाठी, कुठल्या जागेसाठी (फाटक, आवार, वर्ग की परीक्षा), कुठल्या वस्त्राबद्दल, आणि अंतरिम की अंतिम. यातलं एखादं उत्तर माहीत नसेल तर मथळा अजून तयार झालेला नाही.

पाचवी पायरी : तिला विचारा

चेंबूर किंवा उडुपीसारखी बातमी झाली की कोण बोलतं? मौलाना, आमदार, वकील, संस्थेचे विश्वस्त. बहुधा चौघेही पुरुष. पाचवी जागा तिची ठेवा, आणि जमलं तर पहिली ठेवा.

भाषेकडे लक्ष असू द्या. रत्नागिरीच्या किंवा साताऱ्याच्या मुस्लिम बाईसमोर माइक धरून आपले पत्रकार थेट हिंदीत सुरू होतात, "आप को क्या लगता है?" ती बिचारी आपलं मराठी बाजूला ठेवून हिंदीत उत्तर देते आणि मग अंकात 'हम को' आणि 'हमारे में' छापून येतं. प्रश्न मराठीत विचारा. तिला हिंदी किंवा उर्दू सोयीची वाटली तर ती स्वतः वळेल.

प्रश्नही बदला. 'तुमच्यावर घरून जबरदस्ती आहे का?' हा पहिला प्रश्न असेल तर पुढचं संभाषण संपलंच. आज काय झालं, फाटकावर कोण होतं, काय म्हणालं, कुठला पेपर बुडाला, आता पुढे काय करणार, हे विचारा. कर्नाटकातल्याच मंड्याच्या महाविद्यालयात ८ फेब्रुवारी २०२२ ला भगवे उपरणे घातलेल्या जमावानं ज्या विद्यार्थिनीला घेरलं, तिची चित्रफीत जगभर गेली. कुणी तिला वाघीण केलं, कुणी कट्टर. ती वाणिज्य शाखेची होती आणि असाइनमेंट द्यायला आली होती, हे तिनंच नंतर सांगितलं. किती बातम्यांत ते वाक्य आलं?

जबरदस्तीचा प्रश्न विचारूच नये असं मी म्हणत नाही. जबरदस्ती असते, आणि ती लपवणं हाही अन्यायच. पण तो एकटीत, घरातले शेजारी बसलेले नसताना, शक्यतो महिला वार्ताहरानं विचारायचा असतो.

मराठी पत्रकारितेला इथे एक जुना वारसा आहे. १८ एप्रिल १९६६ ला पत्रकार आणि समाजसुधारक हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. त्याचा आपल्याला अभिमान आहे, असावाही. मात्र त्या सात जणींची मागणी तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध होती, कपड्याविरुद्ध नव्हती. पुढे भारतीय मुस्लिम महिला आंदोलन या संघटनेनं तिहेरी तलाकविरुद्ध लढा दिला, हाजी अली दर्ग्याच्या गाभ्यापर्यंत प्रवेशासाठी उच्च न्यायालय गाठलं आणि २०१६ मध्ये निकाल मिळवला. त्यांच्या कार्यकर्त्यांत बुरखा घालणाऱ्याही आहेत. तेव्हा 'हिजाब घेतलेली म्हणजे परंपरेच्या बाजूची, न घेतलेली म्हणजे सुधारणेच्या बाजूची' ही वाटणी बातमी लिहिण्याआधीच करून टाकू नका.

सहावी पायरी : मथळ्यातलं क्रियापद

हे थोडक्यात. ती 'अडून बसली' की तिला 'अडवलं'? 'हिजाबचा हट्ट' की 'हिजाबची मागणी'? 'वाद पेटला' लिहिताना पेटवणारा कर्ता गायब होतो, तो शोधून वाक्यात बसवा. आणि ज्या दिवशी मुलींना वर्गाबाहेर ठेवलं त्या दिवशी मथळ्यात 'वर्गाबाहेर' हा शब्द असू द्या.

सातवी पायरी : टीव्हीवर असाल तर

टिकर आणि पडद्यावरच्या पट्ट्या लिहिणाऱ्यांनी न्यूज एटीन इंडिया या हिंदी वृत्तवाहिनीचं प्रकरण माहीत करून घ्यावं. मंड्याच्या त्या विद्यार्थिनीचं कौतुक करणारी अल-कायदा या दहशतवादी संघटनेचा तेव्हाचा प्रमुख जवाहिरी याची चित्रफीत एप्रिल २०२२ मध्ये आली. ६ एप्रिलच्या चर्चेत वाहिनीनं हिजाबच्या बाजूनं बोलणाऱ्या पाहुण्यांनाच जवाहिरीच्या टोळीत बसवलं. वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन प्राधिकरणानं, निवृत्त न्यायमूर्ती ए. के. सिक्री अध्यक्ष असताना, ऑक्टोबरमध्ये वाहिनीला ५० हजारांचा दंड केला आणि कार्यक्रम काढून टाकायला सांगितलं. दंड वाहिनीच्या मानानं किरकोळ, पण आदेश वाचण्यासारखा आहे. चर्चेला हिजाब हा विषय घेण्याला प्राधिकरणाची हरकत नव्हती. पाहुण्यांवर मारलेल्या शिक्क्यांना होती.

चित्रफीत आली तेव्हा त्या मुलीच्या वडिलांनी त्या चित्रफितीशी आपला काही संबंध नाही असं स्पष्ट सांगितलं होतं. अशा वेळी ती प्रतिक्रिया बातमीच्या पहिल्या तीन ओळींत हवी, शेवटी नको.

आठवी पायरी : परदेशची बातमी आपल्यावर चिकटवताना

हिजाब नीट घातला नाही म्हणून पोलिसांनी पकडलेली महसा अमिनी १६ सप्टेंबर २०२२ ला तेहरानच्या रुग्णालयात मरण पावली आणि इराणच्या बायका रस्त्यावर आल्या. त्याच आठवड्यांत दिल्लीत हिजाबची सुनावणी चालू होती. 'तिकडे जाळतात, इकडे मागतात' हे वाक्य तेव्हा किती तोंडांतून ऐकलं, मोजदाद नाही. दोन्ही बातम्या शेजारी लावायला हरकत नाही, पण मग एक ओळ जोडा: इराणमध्ये न घालणाऱ्या बाईला पोलीस पकडतात, उडुपीत घालणाऱ्या मुलीला वर्गात बसू दिलं नाही. फ्रान्सचं उदाहरण देणाऱ्यांनीही २००४ चा कायदा सरकारी शाळांतल्या ठळक धार्मिक चिन्हांबद्दल आहे आणि २०१० चा सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्याबद्दल, हे वेगळं ठेवावं. दोन्हींची गल्लत रोज होते.

नववी पायरी : कॅमेरे गेल्यावर

२२ एप्रिल २०२२ ला उडुपीच्या याचिकाकर्त्यांपैकी दोघी बारावीच्या परीक्षेला हिजाब घालून गेल्या. प्रवेश मिळाला नाही, त्या परत फिरल्या. फेब्रुवारीत दिवसभर दाखवल्या गेलेल्या प्रकरणाला त्या दिवशी किती जागा मिळाली, ते जुने अंक काढून बघा. खरी बातमी पुढेच असते: किती जणींनी महाविद्यालय बदललं, कुणी मुक्त विद्यापीठात नाव घातलं, कुणाचं लग्न लागलं. हे आकडे प्रवेश नोंदवहीत आणि माहितीच्या अधिकाराच्या अर्जात मिळतात, पॅनेलवर मिळत नाहीत.

त्यामुळे अशी बातमी केलीत की डायरीत तीन तारखा लिहा: परीक्षा अर्जाची शेवटची तारीख, निकालाची, आणि पुढच्या वर्षाच्या प्रवेशाची. ज्या मुलीशी बोललात तिचा नंबर तिच्या परवानगीनं जपून ठेवा, इतर वाहिन्यांना वाटू नका. प्रवेशाच्या तारखेला फोन करा आणि आधी विचारा, आत्ता बोलायला सोयीचं आहे का.